पाखरू जिवंत हवं

माणूस जेवताना तरी बसतो. आमचे चाचा जेवतानाही बसत नसत. ताट डाव्या हातावर घ्यायचे आणि अंगणातल्या बोरीभोवती फिरत फिरत घास घ्यायचे. मी नवी नवरी होऊन त्यांच्या घरात भाडेकरू म्हणून आले, तेव्हा पहिल्याच दिवशी हे बघून आमच्या ह्यांना विचारलं, यांना काही झालंय का? हे म्हणाले, काही नाही, पायाला भिंगरी आहे, तू लक्ष देऊ नकोस. लक्ष न देऊन कसं चालेल? चाचा वर गच्चीवर येरझाऱ्या घालायला लागले की माझ्या छतातला चुना सुटून खाली आमटीत पडायचा.

चाचा आमचे नात्यातले कोणी नव्हेत. एका शिपिंग एजन्सीच्या गोदामाचे ते इनचार्ज, आणि आमचे हे त्याच ऑफिसात क्लार्क. दुबईतला सगळा देरा बाजार त्यांना चाचा म्हणे, ऑफिसचा इंग्रज मॅनेजरसुद्धा. ऑफिसात त्यांना खुर्ची दिली होती, तिच्यावर ते फायली ठेवत. लिहायचं असलं की मालाचं एखादं खोकं छातीइतकं उंच रचायचं आणि त्यावर उभ्याने लिहायचं. ते श्रीवर्धनकडचे, मी दाभोळच्या बाजूची. माझ्या कालवणाला ते रत्नांग्रीचं पाणी म्हणत, आणि वर तीनदा वाढून घेत.

ही साठ-सत्तरच्या मधली दुबई. आता माझी नातवंडं जुमेरा लेक टॉवर्सच्या कुठल्याशा मजल्यावरून मला व्हिडिओ कॉल करतात आणि मी मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देतात. त्यांना मी सांगते, बाळांनो, तेव्हा गोडं पाणी गाढवावरून डब्यांतून यायचं. वीज नुकती आली होती आणि राहण्यापेक्षा जायचीच जास्त. खाडी ओलांडायला अब्रा म्हणजे लाकडी होडी, गावी जायला बोट. बोटीच्या दिवशी सगळ्या देराचं लक्ष खाडीकडे. कोणाची चिठ्ठी येते, कोणाचा माणूस येतो, कोणाच्या घरी काय झालं. मला त्या दिवसांत एका जागी स्वस्थ बसल्याचं आठवतच नाही. चाचांना नावं ठेवत होते खरी, पण आतून माझंही तेच चाललेलं असायचं. फक्त ते पायाने फिरत, मी मनाने.

चाचांच्या खोलीत एक लोखंडी ट्रंक, एक चटई आणि भिंतीला टेकवलेली बंदूक, एवढाच संसार. बंदूक दुनळी, वीस बोअरची. कोणी इंग्रज सर्व्हेयर हा मुलुख सोडून जाताना त्यांना देऊन गेला होता. ती त्यांनी बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवली होती. बायको गावी. तिला बोट लागायची म्हणून ती इकडे कधी आलीच नाही. चाचाच अधूनमधून जाऊन येत. बोलताना बायकोला ते "तिकडची" म्हणत आणि बंदुकीला "इकडची". आज इकडचीला तेल द्यायचंय, पोरी, मशीनचं तेल काढ. माझ्या शिलाई मशीनची कुपी मी तांदळाच्या डब्यात लपवायची, ते तिथून हुडकायचे. नळ्यांना मशीनचं तेल आणि लाकडी दस्त्याला खोबरेल. खोबरेल लावलेली बंदूक जगात दुसरी कुठे असेल तर दाखवा मला. जवळून गेली की शाळेतल्या पोरीच्या वेणीसारखा वास यायचा.

बंदुकांमधलं मला काय कळणार? पण चाचा ऐकायला माणूस शोधत असायचे, आणि मी चुलीपाशी अडकलेली, पळून जाणार कुठे? एकदा मी सहज म्हटलं की तुमच्या मॅनेजर साहेबाची बंदूक बारा बोअरची, तुमची वीस, म्हणजे तुमचीच मोठी. चाचा इतके हसले की ताटातली डाळ सांडली. मग म्हणाले, एका शेर पिठाच्या तू बारा भाकऱ्या केल्यास तर मोठ्या होतील की वीस केल्यास तर? बारा केल्या तर, मी म्हटलं. मग शिशाचंही तसंच, म्हणाले. एका रत्तल शिशाच्या जितक्या गोळ्या करशील तितकी बोअर. बारा केल्या तर गोळी मोठी, नळीही मोठी. हे मला आजवर कोणी विसरायला लावू शकलेलं नाही. भाकऱ्या थापताना हात आपोआप मोजायचा.

बंदूक बघून माणूस ओळखायची त्यांना खोड होती. ऑफिसचा साहेब थंडीत शुक्रवारी शिकारीला निघायचा, चाचांना बरोबर घ्यायचा. त्याची बारा बोअर आजोबाकडून बापाकडे आणि बापाकडून त्याच्याकडे आलेली, दस्त्यावर चांदीची पट्टी. पेटीतून काढण्याआधी साहेब हात पुसायचा म्हणे. चाचा म्हणत, त्याला पाखराशी काही देणंघेणं नाही. पाखरू पडलं की तो खाली बघत नाही, वर बघतो, आजोबाने पाहिलं ना म्हणून. सोन्याच्या बाजारातल्या एका शेठकडे एकापाठोपाठ पाच बार काढणारी नवी कोरी बंदूक होती. त्याच्याबद्दल एवढंच म्हणत की याला शिकार नको, वरात पाहिजे.

ऑफिसच्या ड्रायव्हरच्या बंदुकीचं मात्र त्यांना कौतुक. हा ड्रायव्हर वाळवंटातला बदू, म्हणजे भटका अरब, उंच, काटकुळा, मोडक्या हिंदीत बोलणारा. लँडरोव्हर हाकायचा तीही उंटासारखी, जिभेने आवाज काढत. त्याची बंदूक एकनळी, दस्ता तडकलेला म्हणून तारेने आवळलेला. एक नळी, एक काडतूस, चुकलं तर घरी रिकाम्या हाताने. चाचा म्हणत की तो तिच्यावर एवढा का मरतो ठाऊक आहे? ती आजवर त्याला कधी नाही म्हणाली नाही. बायकोसुद्धा एवढं करत नाही.

"आणि तुमची?" मी विचारायची. हे विचारलेलं त्यांना फार आवडायचं, म्हणून मुद्दाम विचारायची.

"हिच्यात मारायचं बळ नाही, पोरी. थांबवायचं आहे. बाकीचं मग मी पळून करतो."

तर आता हे पळणं सांगायला हवं, कारण चाचा म्हणजे बंदूक नव्हे, चाचा म्हणजे ते पळणं. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. छऱ्याने मेलेलं पाखरू आमच्यात मुर्दार, खायला चालत नाही. ते जिवंत हाती लागलं पाहिजे, बिस्मिल्ला म्हणून गळ्यावर सुरी फिरली पाहिजे, तर ते हलाल. ज्याला शिकारीचं मटण खायचं त्याने बार काढून स्वस्थ उभं राहायचं नाही. आता बारा बोअरने जवळून मारलं तर पाखरू वरच संपतं, खाली येते ती नुसती पिसं. म्हणून चाचांना हलकी बंदूक हवी, बारीक छरे हवेत, आणि नेम पंखावर. पाखरू खाली आलं पाहिजे पण गेलं नाही पाहिजे. दुनळी असून दुसरा बार ते कधी काढत नसत. दुसरा बार म्हणजे लोभ, म्हणत. मग दुसरी नळी कशाला? सबुरीसाठी, म्हणत.

एका थंडीत आम्हा बायकांनाही शुक्रवारी बाहेर नेलं होतं, ख्वानीजच्या बाजूला, जिथे विहिरी आणि खजुरीच्या बागा होत्या. आम्ही चटया पसरून डबे उघडतोय तोवर झुडपातून तित्तर उडाला. चाचांच्या पायातल्या चपला आधी सुटल्या, मग बार झाला. पाखरू अजून हवेतच होतं आणि हा माणूस त्याच्या खाली पळतही सुटला होता. पळताना बंदूक आडवी येते म्हणून त्यांनी ती मागे न बघता भिरकावली, ती नेमकी साहेबाच्या हातात. एका हातात आजोबाची, एका हातात चाचांची, असा साहेब बावळटासारखा उभा. आणि चाचा पॅंट गुडघ्यापर्यंत वर ओढून, सुरी दातांत धरून, काट्याकुट्यातून सुसाट. केस पांढरे, पोट थोडं सुटलेलं, पण त्या वेळी माणसाचं वय कुठे गेलं कळेना. खजुरीआड दिसेनासे झाले आणि मग तिकडून त्यांचा आवाज आला, "जिवंत आहे!" मुलगा झाला म्हणून सांगावं तसा. आम्ही बायका हसून हसून आडव्या झालो. पण खरं सांगते, मी त्यांना एवढं सुखात दुसऱ्या कशातही बघितलं नाही. आठवडाभर त्यांच्या पायांत जे काही सळसळत असायचं, ते त्या धावण्यात उतरायचं. त्या दिवशी संध्याकाळी ते नेहमीपेक्षा सावकाश चालत होते.

पाखरू आधीच गेलेलं असलं तर मात्र बघवायचं नाही. तिथेच वाळूत हाताने खड्डा करायचा, त्याला पुरायचं, आणि त्या दिवशी पुन्हा बंदूक उचलायची नाही. ड्रायव्हर हे बघून कपाळाला हात लावायचा. त्याचं म्हणणं, बार काढताना बिस्मिल्ला बोलला ना, मग खलास, हलाल झालं, आता पुरतोस काय, उचल आणि भाज. दोघांचा यावर वर्षानुवर्षं वाद. गाडीत बसताना सुरू व्हायचा तो घर आलं तरी संपायचा नाही. शेवटी चाचा म्हणायचे, हबीबी, तुझ्या मौलवीचं तू बघ, माझ्या ताटात मी काय घ्यायचं ते मी बघतो. मग दोघं एकमेकांच्या बिडीला काडी लावायचे.

घरी आलेली पाखरं साफ करायचं काम माझं. चाचा तेवढ्यात माझ्याभोवती फिरत त्याच त्या शिकारीची हकिगत दोनदा सांगायचे. दुसऱ्या वेळी पाखरू जास्त लांब पडलेलं असायचं. इतकी पाखरं माझ्या हाताखालून गेली की पिसं काढता काढता मला कळायचं, याला सुरी लगेच लागली की जरा उशिरा. जिवंतपणी कापलं की रक्त सगळं वाहून जातं, मांस स्वच्छ निघतं. ही काही मोठी विद्या नव्हे, आमच्याकडची कुठलीही बाई सांगेल.

माझं पहिलं मूल पोटातच गेलं. त्याच्यावर मी जास्त बोलत नाही. परमुलखात, आई नाही, सासू नाही, आमचे हे बिचारे दाराबाहेर रुमाल पिळत उभे. त्यानंतर पुन्हा दिवस राहिले तेव्हा आनंदापेक्षा धास्तीच जास्त. आणि या खेपेला अन्न बघवेना. भात शिजल्याचा वास आला की पोट ढवळायचं. मासळी तर गल्लीच्या टोकाला कोणी तळली तरी मला कळायची. पेज प्यायची आणि ओकायची. हे डब्यातली फळं आणत, बिस्किटं आणत, त्यांची रास झाली. हॉस्पिटलातल्या नर्सने माझं मनगट दोन बोटांत धरून बघितलं आणि ह्यांना बाजूला नेऊन सांगितलं की हिने खाल्लं नाही तर याही वेळेला भरवसा नाही. बाजूला नेलं म्हणून काय झालं, मला सगळं ऐकू आलं.

त्या रिकाम्या पोटात एकदाच एक इच्छा झाली. आमचे अब्बा ठासणीच्या बंदुकीने कधीमधी तित्तर मारून आणायचे आणि आई तो नुसत्या मिरी-आल्यात करायची, वर तूप. दुपारी पडल्या पडल्या मी ह्यांना म्हटलं, तसा तित्तर मिळाला तर खाईन बहुतेक. हे म्हणाले बघतो, म्हणजे विसरले. पण बाहेर अंगणात चाचांची पावलं थांबली होती.

दुसऱ्या दिवशी ते दारात येऊन म्हणाले, "डोहाळे पुरवणं हे माहेरचं काम. माहेर इथे नाही, मी आहे."

आता यात अडचण अशी की चाचांचं धावणं गेल्या थंडीपासून कमी पडू लागलं होतं. हॉस्पिटलच्या डॉक्टरने त्यांच्या छातीला नळी लावून, यापुढे पळायचं नाही, असं बजावलं होतं. चाचांचं म्हणणं, त्या डॉक्टरने पाखरू पडताना कधी बघितलंय का? पण घरी पाखरं येईनाशी झाली होती. ड्रायव्हर सांगायचा, आज एक पुरलं, आज दोन पुरली. चाचा नजर चुकवून म्हणायचे की हल्ली पाखरं घाईत असतात. सगळे हसायचे, मीही हसले आहे. साहेबाने आपली बारा बोअर वापरून बघ म्हटलं तर चाचांनी नको म्हणून मान हलवली. लांबून मारणारी बंदूक घेतली तर धावायचं अंतर वाढतं, हे साहेबाला कुठून कळणार!

त्या शुक्रवारी ड्रायव्हरला घेऊन ते पहाटेच गेले. मी दिवसभर दाराकडे डोळे लावून. भूक नव्हती, पण भूक लागेल अशी आशा होती, आणि ती भुकेपेक्षा जास्त छळते. दुपार उलटल्यावर चाचा आले. नेहमी गल्लीच्या तोंडापासून हकिगत सुरू व्हायची. आज हकिगत नाही. पाखरू माझ्यासमोर पाटावर ठेवलं, मिरी कुटलीस का विचारलं, आणि बोरीभोवती फिरायला लागले. एक तित्तर, चांगला भरलेला. गळ्यावर सुरी बरोबर चाललेली होती.

मी पिसं काढायला घेतली. गळ्याची पिसं कोरडी होती. सुरी होती, रक्त नव्हतं. आत मांस काळवंडलेलं, रक्त जागच्या जागी गोठलेलं. ज्या माणसाने भर उन्हात हातांनी खड्डे करून पाखरं पुरली, पण एक कधी घरात आणलं नाही, त्याने हे आणलं होतं.

"चाचा, सुरीच्या आधीच गेलं होतं ना?"

ते थांबले नाहीत. चालता चालताच बोलले.

"गेलं होतं. हात लावला तेव्हा अंग ऊन होतं अजून. सकाळपासून फिरलो, दुसरं मिळालं नाही, पोरी. तू पेजेवर आहेस. पाप माझ्या माथ्यावर घेतलंय, जुम्म्याच्या नमाजात सांगूनही आलोय. तू नुसतं खा."

मला रडू यायला हवं होतं, पण आधी आला तो राग. असा संताप आला की अंगात नसलेलं बळ आलं. माझ्या वतीने अल्लाशी बोलून मोकळे होणारे हे कोण? एक मूल हातचं गेलेली बाई मी. पाण्याचा घोटसुद्धा दुआ पुटपुटून पीत होते. आणि या पोटातल्याला पहिला धड घास द्यायचा तो मुर्दाराचा? मी मोठमोठ्याने बोलले. काय काय बोलले ते सांगत नाही. वडीलधाऱ्या माणसाला बोलू नये असंच सगळं. चाचांनी पाटावरून पाखरू उचललं, बोरीखाली उकिडवे झाले आणि हाताने माती उकरायला लागले.

ते उकरताना मी त्यांचा श्वास ऐकला. एवढीशी माती, पण मूठभर काढली की थांबायचे. तोंड उघडं, छाती भात्यासारखी वरखाली. मग हा माणूस काट्यांतून कसा पळाला असेल? पाखरू पडल्यापासून ते हाती लागेपर्यंत या छातीचं काय झालं असेल? माझा राग तिथल्या तिथे उतरला आणि मग मात्र रडू आलं ते थांबेना. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले आणि उकरू लागले. आमचे हे बाजारातून आले तेव्हा बघतात तर त्यांची गरोदर बायको आणि त्यांचा घरमालक झाडाखाली माती उकरत रडतायत. बिचाऱ्यांना वाटलं, दुसरंही गेलं. त्यांचा चेहरा बघून मी घाईघाईने ओरडून सांगितलं, तित्तर आहे, तित्तर!

पुढचा आठवडा चाचा माझ्याशी बोलले नाहीत. रुसले नव्हते, त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. पावलं मात्र वाजायची, वर गच्चीवर, अंगणात, पुन्हा वर. मी पेज पीत होते आणि ओकत होते. चुना आमटीत पडला तरी बोलत नव्हते. गुरुवारी ते ड्रायव्हरशी गल्लीत बराच वेळ काहीतरी बोलत उभे होते. यावेळी वाद नव्हता. ड्रायव्हर ऐकत होता आणि चाचा खाली बघून बोलत होते.

शुक्रवारी दुपारी दार वाजलं ते ड्रायव्हरने वाजवलं. एरवी तो आत येत नसे, बाहेरून हॉर्न द्यायचा. दारात उभा, घामाने निथळत, पायघोळ कंदुरा काट्यांनी फाटलेला, दोन्ही पावलांवर ओरखडे. हातात तित्तर, पायांना धरलेला. गळ्याची पिसं रक्ताने भिजून चिकटली होती. अंगणात दोन थेंब पडलेसुद्धा.

"चाचा मारा, हम भागा," तो म्हणाला. "जिंदा था, अल्ला कसम. हलाल. खाओ."

याच माणसाने वर्षानुवर्षं त्या धावण्याची टर उडवली होती. त्याच्या हिशेबी बिस्मिल्ला म्हणून बार काढला की काम संपत होतं. तरी तो अनवाणी पळाला होता, ज्या नियमावर त्याचा विश्वास नव्हता त्याच्यासाठी. मागे चाचा उभे होते, बंदूक खांद्यावर. एवढी शिकार झाली तरी त्यांच्या कपड्यांवर धुळीचा कण नव्हता.

मी म्हटलं, "तुम्ही नाही धावलात?"

"मी धावलो असतो तर हेही मेलं असतं, पोरी."

असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. डॉक्टर सांगून थकला, साहेब सांगून थकला, आमचे हे तर हात जोडायचे. कोणाचं ऐकून त्यांनी पळणं सोडलं नव्हतं. ते त्यांनी माझ्या एका घासासाठी सोडलं. माझ्या जन्मदात्या बापाने माझ्यासाठी पुष्कळ केलं, पण एवढं मोठं काही सोडल्याचं मला ठाऊक नाही.

मी स्टोव्ह पेटवला. मिरी, आलं, मीठ, वर तूप. वास आला, पण पोट ढवळलं नाही. मी ताट घेऊन बसले आणि तो सगळा तित्तर एकटीने खाल्ला, हाडं चोखून. ह्यांना विचारलंसुद्धा नाही. चाचा दारातून यायचे, विचारायचे, "टिकतंय?" मी हो म्हणून मान डोलवायची. फिरून यायचे, पुन्हा तेच. ऊन भिंतीवरून उतरलं तरी त्यांचं चाललेलंच. शेवटी मीच ओरडून सांगितलं की टिकलं, चाचा, टिकलं, आता उलटी होत नाही.

ते वळले. ड्रायव्हर बोरीखाली सावलीत पाय पसरून झोपला होता. चाचांनी त्याला खांद्याला धरून हलवून जागं केलं, आणि सांगितलं की पोरीने खाल्लं, पोटात राहिलं. मग म्हणाले, पुढच्या शुक्रवारीही तूच धाव.